नाव आणि कूळ : ‘साल्मोनेला पूना’च्या निमित्ताने

साल्मोनेला जंतूंच्या प्रकारांस ते प्रथम आढळलेल्या गावाचे नाव देण्याचा प्रघात पडला. डब्लिन, मोंटेव्हिडिओ, तसेच ‘पूना’. २०१५ साली मेक्सिकोतून आलेल्या काकड्यांमुळे अमेरिकेच्या ४० राज्यांत ९०७ जणांना या ‘पूना’ची बाधा झाली, सहा जण दगावले. त्या काकड्यांचा पुण्याशी काडीचाही संबंध नव्हता. हिंदमाता हे नाव चित्रपटगृहावरून साऱ्या परिसराला चिकटले, त्यातलाच हा प्रकार. नाव म्हणजे पत्ता नव्हे.

‘जनुकीय ठसा’ ही संज्ञाही मला सदोष वाटते. विकराने डीएनएचे तुकडे करून त्यांचे पट्टे ताडण्याच्या जुन्या पद्धतीस ती शोभत असे; परंतु भिन्न कुळांचे पट्टेही कधी सारखे दिसत. शिवाय बोटाचा ठसा जन्मभर टिकतो, जंतूचा मजकूर मात्र पिढीगणिक किंचित बदलतो. आता संपूर्ण जनुकसंच अक्षरशः वाचला जातो. ही तर पाठचिकित्साच होय! दोन पोथ्यांत एकच विशिष्ट स्खलन आढळले, तर त्यांची मातृका एक असावी असे आपण मानतो; जनुकसंचातील बदलांवरूनही तसेच कूळ ठरते. पोथ्यांतील पाठसंकराचा घोळही येथे आहेच. प्लास्मिडे एका कुळातून दुसऱ्या कुळात जातात.

तथापि कूळ कळले म्हणजे वाट कळली असे नाही. परळच्या एखाद्या रुग्णातील जंतू व फळविक्रेत्याच्या सुरीवरील जंतू एकाच कुळातील निघाले, तरी कोणाकडून कोणाकडे गेला हे अक्षरे सांगत नाहीत. त्यासाठी रुग्णाने काय खाल्ले ते विचारावे लागते आणि मालाच्या पावत्या चाळाव्या लागतात. २०१५ सालीही हेच करावे लागले.