पितळी पातेले, पित्तमार्ग आणि औषधाची कसोटी : पुण्यातील बालयकृत-संशोधनाची चिकित्सा

सारांश : 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' या नावाने ओळखल्या गेलेल्या बालकांच्या यकृतविकारावर पुण्याच्या केईएम रुग्णालयात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत झालेले संशोधन हे यकृत आणि पित्तप्रवाह यांच्या विकारांवरील चिकित्सालयीन संशोधनाचे महत्त्वाचे उदाहरण आहे. या संशोधनाचे यश बहुधा औषधाच्या नावे जमा केले जाते. प्रस्तुत लेखात त्या यशाचे स्वरूप तपासले असून, औषधाच्या चाचणीपूर्वी विचारल्या गेलेल्या कारणविषयक प्रश्नातच त्याचे खरे मोल आहे, असे प्रतिपादन केले आहे. संशोधनाच्या पुराव्याच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : यकृत, पित्तरस, तांबे, पेनिसिलामाइन, वरचे दूध, कल्हई.

प्रस्तावना

पवनेच्या काठावरील पिंपळे सौदागर हे एकेकाळचे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवडमधील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. गोठ्यांच्या जागी बहुमजली गृहसंकुले आली आणि हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या कुटुंबांनी ती भरली. या घरांतून गेल्या काही वर्षांत तांब्याच्या भांड्याने पुनरागमन केले आहे. कार्यालयात नेण्याची तांब्याची बाटली, रात्रभर पाणी ठेवण्याचा तांब्या, 'आरोग्यदायी' म्हणून भेट दिला जाणारा पितळी संच ही त्याची रूपे होत. याच परिसरातील जुन्या घरांतून तीन-चार दशकांपूर्वी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची भांडी घेतली गेली होती. भांडी गेली तेव्हा त्यांच्यासोबत एक प्राणघातक बालरोगही मागे पडला, याची आठवण मात्र फारशी उरलेली नाही. ही आठवण जागविणे आणि ज्या संशोधनातून ती सिद्ध होते त्याची चिकित्सा करणे, हा या लेखाचा हेतू होय.

आजाराचे स्वरूप

या आजाराचे वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्याच्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये आले. १९५५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतविकारविषयक उपसमितीने त्याची स्वतंत्र दखल घेतली. बहुधा एक ते तीन वर्षांचे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट वाढे, यकृत हाताला टणक लागे आणि त्याची कड धारदार जाणवे. पुढे कावीळ होई, पोटात पाणी साचे आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन भावंडे जात, त्यामुळे आजाराभोवती दैवाचे आणि कुळदोषाचे सावट होते.

कारणाबाबत अनेक तर्क झाले. कुपोषण, विषाणू, बुरशीजन्य विष, घरगुती औषधी आणि आनुवंशिकता या सर्वांवर संशय घेतला गेला. १९७८ आणि १९७९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातील अभ्यासांनी वेगळी दिशा दिली. या मुलांच्या यकृतपेशींत तांब्याचे प्रचंड साठे असल्याचे त्यांतून पुढे आले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क ऊतीत सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते, तर या मुलांत ते अनेकदा हजाराच्या पुढे जाई.

पित्तमार्ग आणि तांबे : कारण की परिणाम?

येथे एका भाषिक अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. मराठीत 'पित्त झाले' असे म्हटले की छातीतील जळजळ आणि आंबट ढेकर अभिप्रेत असतात. शरीरशास्त्रातील पित्तरस ही वेगळी गोष्ट आहे. तो यकृतात तयार होऊन पित्तनलिकांतून आतड्यात उतरतो. स्निग्ध पदार्थांच्या पचनाला तो मदत करतो आणि त्याचबरोबर शरीरातील काही द्रव्ये बाहेर टाकण्याचा तो मार्ग आहे. तांब्यासाठी तर तो मुख्य मार्ग होय. मूत्रावाटे अत्यल्पच तांबे जाते. नवजात बालकाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच प्रौढाच्या कितीतरी पट असतो आणि पित्तस्रावाची यंत्रणा अद्याप परिपक्व नसते. अशा वयात आहारातून जादा तांबे आले, तर ते साचण्याची शक्यता अधिक असते.

यातूनच संशोधनातील कळीचा प्रश्न उद्भवतो. कोणत्याही कारणाने पित्तप्रवाह दीर्घकाळ अडला की तांबे यकृतात साचते. म्हणजे साठा दिसला, एवढ्यावरून तांबे हेच रोगाचे कारण ठरत नाही. तो रोगाचा परिणामही असू शकतो. या शंकेचे निरसन झाल्याशिवाय तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाची चाचणी घेणे म्हणजे पाण्याची गळती कुठून होते हे न पाहता फरशी पुसत राहण्यासारखे ठरले असते.

पुण्याच्या संशोधनाचे वेगळेपण येथे दिसते. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने यकृताच्या तुकड्यापाशी न थांबता स्वयंपाकघराकडे लक्ष वळविले. मुलाला अंगावरचे दूध किती महिने मिळाले, वरचे दूध कधी सुरू झाले, ते कशात तापवले आणि कशात साठवले, हे प्रश्न त्यांनी विचारले. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तांबेमिश्रित वरचे दूध लवकर सुरू होणे हे या आजाराचे संभाव्य कारण म्हणून मांडले. १९८७ मध्ये आजारी मुले आणि त्यांच्याशी जोडी लावून निवडलेली इतर मुले यांच्या आहारेतिहासाची तुलना प्रसिद्ध झाली. पितळी भांड्यातून दुधात तांबे उतरते, हे १९८९ च्या प्रयोगशालेय अभ्यासाने दाखविले.

यातील तर्क मराठी गृहिणीला अपरिचित नव्हता. ताक किंवा आमटी पितळेत ठेवली तर ती 'कळकते', हे घरोघरी ठाऊक होते. 'कळकणे' हे क्रियापदच त्या अनुभवातून रूढ झाले. म्हणूनच भांड्यांना कल्हई केली जाई. तथापि दूध आंबट नसते, म्हणून ते पितळेत ठेवण्यास धोका वाटत नसे. कल्हई झिजली तरी दुधाचे पातेले वापरात राही. दूध वारंवार तापवले जाई आणि तासन्‌तास त्याच पातेल्यात असे. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, हे मात्र जिभेला कळण्याजोगे नव्हते. पारंपरिक ज्ञान खोटे नव्हते, पण ते चवीवर आधारलेले होते आणि चव जेथे मूक राहते तेथे ते अपुरे पडले.

एक औषध, दोन चाचण्या

पेनिसिलामाइन हे पेनिसिलिनच्या विघटनातून मिळणारे द्रव्य आहे. ते शरीरातील तांब्याला बांधून मूत्रावाटे बाहेर नेते. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी विल्सनच्या आजारावर त्याचा उपयोग मांडला. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना पिंपरीत, म्हणजे पिंपळे सौदागरपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या परिसराने देशाला पेनिसिलिन दिले, त्याच जिल्ह्यात त्या औषधाच्या या भावंडाची कसोटी लागली, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

पुण्याच्या गटाने १९८७ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड'मध्ये पेनिसिलामाइनच्या चाचण्यांचा वृत्तान्त दिला. कावीळ आणि जलोदर झालेल्या मुलांत औषधाचा फारसा उपयोग होत नाही, मात्र कावीळ होण्यापूर्वी उपचार सुरू झाल्यास जगण्याची शक्यता वाढते, असा त्याचा आशय होता. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ जगलेल्या मुलांचा आढावा घेतला. औषध बंद केल्यावरही ही मुले निरोगी राहिली. विल्सनच्या आजारात असे होत नाही. तेथे दोष जन्मजात असतो आणि उपचार जन्मभर चालू ठेवावा लागतो. येथे मात्र बाहेरून येणारे तांबे थांबले की साठा पुन्हा भरत नाही. औषधाच्या या निरीक्षणाने भांड्याविषयीच्या अनुमानाला दुजोरा दिला.

या निष्कर्षाचे वजन दुसऱ्या एका चाचणीशी तुलना केल्याशिवाय लक्षात येत नाही. प्रौढांतील 'प्रायमरी बिलियरी सिऱ्होसिस' या आजारात सूक्ष्म पित्तनलिका नष्ट होत जातात आणि यकृतात तांबे साचते. २०१५ पासून या आजाराला 'प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस' म्हणतात. तांबे साचते म्हणून येथेही पेनिसिलामाइन वापरून पाहण्यात आले. १९८५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही, दुष्परिणाम मात्र बरेच झाले. या आजारात तांबे हा अडलेल्या पित्तप्रवाहाचा परिणाम होता. त्यामुळे ते काढून मूळ रोग हटला नाही. पुढे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे पित्तप्रवाहावरच काम करणारे औषध या आजारात उपयुक्त ठरले.

एकच औषध, यकृतात साचलेला एकच धातू, परंतु फलित भिन्न. ही तुलना यकृतविकारांवरील सर्वच संशोधनाला लागू पडणारा धडा देते. प्रयोगशाळेतील एखादा आकडा सुधारतो म्हणून औषध गुणकारी ठरत नाही. तो आकडा रोगाच्या साखळीत कोठे बसतो, हे आधी ठरवावे लागते. 'यकृताला बळ देणारी' आणि 'पित्त मोकळे करणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य सिरपांना हीच कसोटी लावली पाहिजे. तीव्र विषाणूजन्य काविळीतील बहुतेक रुग्ण कालांतराने आपोआप बरे होतात. अशा आजारात तुलनागट नसलेली कोणतीही 'यशस्वी' चिकित्सा मुळात काहीच सिद्ध करीत नाही.

पुराव्याच्या मर्यादा

पुण्याच्या संशोधनाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा स्मरणाची. मूल गंभीर आजारी असताना किंवा दगावल्यावर आई गतकाळातील प्रत्येक घासाचा शोध घेत असते. निरोगी मुलाच्या आईला तसे कारण नसते. जोडीने केलेल्या तुलनेत हा दोष कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

दुसरी मर्यादा भावंडांची. एका घरातील मुले एकाच पातेल्यातले दूध पितात आणि एकाच आईवडिलांची जनुकेही घेऊन येतात. भांडे आणि वंश यांची विभागणी येथे कठीण आहे. ऑस्ट्रियातील टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने १३८ मुले बाधित झाली. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यातील दूध तेथेही कारणीभूत मानले गेले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आनुवंशिक प्रवृत्ती आणि पर्यावरण या दोहोंच्या संयोगाचा निष्कर्ष निघाला. उलटपक्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या काही गावांत पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर असूनही सहा वर्षांखालील मुलांत यकृतविकाराने मृत्यू आढळला नाही, असे १९९४ मध्ये नोंदविले गेले. तात्पर्य, तांबे आवश्यक घटक असेल, तरी तो एकटा पुरेसा नसावा.

तिसरी मर्यादा १९९६ च्या आढाव्याची. जगलेल्या मुलांचा आढावा हा स्वरूपतःच वाचलेल्यांचा आढावा असतो. औषध थांबविता येते, हे त्यातून दिसते. किती मुले औषधाने वाचली, याचे प्रमाण मात्र त्यातून काढता येत नाही.

चौथी मर्यादा सर्वांत वेगळी आहे. संशोधन चालू असतानाच आजार ओसरत गेला. १९९२ मध्ये प्रतिबंधावरील निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमने स्वयंपाकघरे व्यापली होती. वैद्यकीय सल्ल्यामुळे किती घरांनी पातेले बदलले आणि केवळ स्वस्त, कल्हई न लागणारे भांडे मिळाले म्हणून किती घरांनी, हे आता वेगळे करता येत नाही. आज हा आजार अतिशय विरळ झाल्याने मोठी निर्णायक चाचणी घेणेही शक्य नाही आणि ती घ्यावी लागू नये, हेच इष्ट.

आजचा संदर्भ

आजच्या तांब्याच्या बाटलीला या इतिहासाचा आधार देऊन भीती पसरविणे चुकीचे ठरेल. साधे पाणी हे दूध किंवा ताक नव्हे. निरोगी प्रौढाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. पिण्याच्या पाण्यातील तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. मात्र 'जुने ते आरोग्यदायी' हे सूत्र मर्यादेविना स्वीकारणेही तितकेच चुकीचे. बाळाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू वा साठवू नये आणि लिंबू, ताक, कोकम अशी आंबट पेये तांब्याच्या बाटलीत भरू नयेत. संशोधनाने आणि घरगुती अनुभवाने एकमुखाने दिलेला हा इशारा आहे. जुन्या पितळेसोबत कल्हईवालाही होता, याचा विसर नव्या पितळेच्या जाहिरातीत पडतो.

समारोप

पुण्यातील या संशोधनाचे निबंध प्रामुख्याने परदेशी इंग्रजी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. त्यांची मूळ सामग्री मात्र पुणे आणि परिसरातील मातांनी मराठीत दिलेली उत्तरे ही होती. ज्या भाषेत प्रश्न विचारले गेले, त्या भाषेत निष्कर्षही रुजले पाहिजेत. विज्ञान, गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांनी आपल्या वर्गांत हे उदाहरण घेतल्यास चिकित्सालयीन संशोधन म्हणजे केवळ गोळी आणि तिची मात्रा नव्हे, हे विद्यार्थ्यांना सहज पटेल. पेनिसिलामाइनने काही मुले वाचविली. पुढची मुले आजारीच पडली नाहीत, त्याचे श्रेय बदललेल्या पातेल्याला आणि त्या पातेल्याविषयी प्रथम प्रश्न विचारणाऱ्यांना द्यावे लागते.