पाणी उतरल्यावरचं चित्र

उजनी धरणात भीमेचं पाणी साठलं आणि इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं गाव बुडालं. माणसं वर येऊन वसली, पळसनाथाचं मंदिर मात्र पाण्यातच राहिलं. धरण तळाला गेलं की ते उघडं पडतं; 2024 च्या उन्हाळ्यात पडलं होतं. निसर्गचित्रकारासाठी याहून मोठा विषय पुणे जिल्ह्यात मला दिसत नाही.

खाली दगड, वर विटांचं शिखर, भोवती भेगाळलेला गाळ. पाण्याने आणि गाळाने सगळ्यांचे रंग एकमेकांच्या जवळ आणून ठेवलेत. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन एवढ्यावर चित्र उभं राहतं. पण मग सगळी मदार उजेडाच्या पायऱ्यांवर येते. सावलीतला दगड गार, त्यावर गाळाकडून परतलेला उजेड उबदार. हा फरक हुकला की मंदिर मातीचा ढिगारा होतं. शिवाय उन्हात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, बघता बघता वाळतो, दुरुस्तीला सवड मिळत नाही. जलरंगात पांढरा लावण्यापेक्षा कागद कोरा राखणं मोलाचं. तो कुठे राखायचा हे कुंचला टेकवण्याआधीच ठरलेलं हवं. सूर्य डोक्यावर आला की सावल्या आखडतात आणि कोरीवकाम सपाट दिसू लागतं. म्हणून सकाळ गाठायची.

इथे कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवतात. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. 1931 मध्ये ते गेले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा असं हाताशी असलेलं पाणीच त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. रंकाळ्यातला संध्यामठही पाणी चढलं की बुडतो आणि उतरलं की दिसतो. त्यांच्या या चित्रांत वास्तू मिरवत नाही. दगड आणि पाणी यांमधली कडा ते कापून काढत नाहीत, हवेत विरू देतात; त्यामुळे नजर दगडावरून त्या वेळेच्या उजेडाकडे सरकते. फ्रेंच चित्रकार मोनेने 1892 ते 1894 या काळात रूआँचं एकच चर्च वेगवेगळ्या प्रहरांत रंगवलं. आबालाल युरोपला न जाता, आपल्या तळ्याकाठी राहून त्याच ध्यासाला लागले होते. मला हे फार थोर वाटतं.

पळसदेवला मोह मंदिराचाच पडतो. मधोमध शिखर, मागे आकाश, झालं चित्र! पण ते फोटोतही येतं. आबालालांची नजर घेऊन गेलं तर शिखर बाजूला सरकेल आणि उतरत्या पाण्याने गाळावर सोडलेल्या रेघा पुढे येतील. खरा उन्हाळा त्या रेघांत आहे.

बारामतीच्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात तर मंदिर नाही आणि पाण्याचा विस्तारही नाही. वाळलं गवत, खुरटी झाडं आणि गवताच्याच रंगात मिसळून जाणारा चिंकारा. लँडस्केप करायला निघालेल्या मुलांनी आधी तिथे बसावं, पळसदेवला नंतर जावं. भरवशाला एकही वास्तू नसताना नुसत्या उन्हाचं चित्र जमलं, तर मंदिर त्यांना भारी पडणार नाही.