जुनी हॉट हॅच खरंच जास्त मजा देते का? एका लाडक्या दाव्याची उलटतपासणी

मागच्या लेखात कन्फाउंडिंग व्हेरिएबल समजावताना मी आइस्क्रीमची विक्री आणि बुडून होणारे मृत्यू हे घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण दिलं होतं. "जरा जिवंत काहीतरी द्या की," असं तुमच्यातल्या दोघा-तिघांनी कळवलं. तर आज एकदम जिवंत उदाहरण आहे. त्यात माझ्या मित्राचे पैसे अडकायच्या बेतात आहेत आणि थोडा दोष माझाही आहे.

झालं असं, की आमच्या लॅबमधल्या एकाची फेलोशिपची थकलेली रक्कम एकदम जमा झाली. त्यातून त्याला 2002 सालची फियाट पॅलिओ 1.6 घ्यायची आहे. शंभरच्या आसपास हॉर्सपॉवरची ही छोटी गाडी आपल्याकडे 2001 मध्ये आली आणि आपल्या पिढीतल्या गाडीवेड्यांच्या मनात ती अजून घर करून आहे. कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "जुन्या हॉट हॅचमध्ये जी मजा आहे ना, ती आताच्या गाड्यांत नाही." मी चहा पिता पिता मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये सांगत फिरत होता, "हा पण तेच म्हणतो." माझी मान म्हणजे पुरावा झाली! म्हणून हा दावा नीट उघडून बघणं मला भाग आहे.

आधी व्याख्या. हॉट हॅच म्हणजे घरगुती हॅचबॅकमध्ये मोठं इंजिन बसवून, सस्पेन्शन कडक करून बनवलेली गाडी. भाजीची पिशवीही मावते आणि घाटात धावतेही. या प्रकाराला नाव मिळवून दिलं 1976 मध्ये विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. कंपनीचा सुरुवातीचा अंदाज फक्त 5000 गाड्यांचा होता, आणि पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त बनल्या. 1984 मध्ये प्यूजो 205 जीटीआय आली. जुन्या हॉट हॅचचं कौतुक करणारा जवळजवळ प्रत्येक लेख या दोन गाड्यांपाशी येऊन थांबतो.

आता हे लेख वाचताना एक काम करा. पेन्सिल घेऊन विशेषणांखाली रेघ ओढा. "जिवंत", "बोलकी", "शुद्ध", "आत्मा असलेली". यातल्या एकाचीही व्याख्या दिलेली नसते. (तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमधल्या पेपरांत "नॉव्हेल" आणि "रोबस्ट" हे शब्द अशीच हजेरी लावतात, ते सोडा.) या विशेषणांच्या मागे नेमके कोणते दावे दडलेत ते मी वेगळे काढायचा प्रयत्न केला.

पहिला दावा वजनाचा. 1976 ची गोल्फ जीटीआय 810 किलो, 110 हॉर्सपॉवर. आठव्या पिढीची साधारण 1460 किलो, 245 हॉर्सपॉवर. म्हणजे ताकद सव्वादोन पट झाली, पण टनामागे हिशेब केला तर 136 वरून 168, जेमतेम पाव भागाने वाढ. बाकीची ताकद वाढलेलं वजन ओढण्यात गेली. इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. पण खरा फरक या आकड्यांत नाही, टॉर्क कुठे मिळतो त्यात आहे. जुन्या इंजिनचा जेमतेम 140 न्यूटन-मीटर टॉर्क 5000 आरपीएमला मिळायचा. नवीन टर्बो इंजिन 370 न्यूटन-मीटर 1600 पासूनच देतं. परिणाम काय? जुन्या गाडीत पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर आधी गिअर खाली घ्यायचा, इंजिन ओरडेपर्यंत रेस द्यायची, वळणाआधी सगळा विचार करून ठेवायचा. नव्या गाडीत पाय दाबला की काम झालं. मजा हवी असेल तर हे "काम लवकर होणं" अडचणीचं ठरतं, कारण रस्ता संपतो आणि तुम्ही काहीच केलेलं नसतं. हा दावा मी मान्य केला.

दुसरा दावा फार लोकप्रिय आहे: "जुन्या गाडीची पकड कमी, त्यामुळे कमी वेगातच टायरच्या मर्यादेपर्यंत पोचता येतं, नव्या गाडीची मर्यादा इतकी वर आहे, की तिथे पोचेपर्यंत लायसन्स जाईल." ऐकायला पटतं. पण अकरावीचं फिजिक्स काढा. सपाट वळणावर कमाल वेग म्हणजे घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. 30 मीटर त्रिज्येचं वळण धरू. जुन्या टायरला 0.75 आणि नव्याला 1.0 असा घर्षणांक मी गृहीत धरतोय (गृहीत धरतोय हे लिहून ठेवा, मोजलेलं नाही). उत्तरं येतात ताशी 53.5 आणि 62 किलोमीटर. फरक साडेआठाचा! वर्गमूळ सगळा फरक खाऊन टाकतं. म्हणजे "मर्यादा आभाळाला टेकली" हे वळणापुरतं तरी खोटं आहे.

मग लोकांना ती दूर का वाटते? माझ्या मते ते वेग सांगत असतात आणि घाबरत असतात ऊर्जेला. वेगाचा वर्ग 1.33 पट, वजन 1.8 पट, म्हणजे त्या वळणावरच्या नव्या गाडीची गतिज ऊर्जा 2.4 पट. चुकलं तर तेवढी ऊर्जा कठड्यात जाणार. अंगाला ते कळतं, पण लेखात उतरताना त्याचं "लिमिट" होतं. निरीक्षण बरोबर आणि स्पष्टीकरण चूक, असं संशोधनात तुम्हाला पदोपदी भेटेल. अशा वेळी निरीक्षणच फेकून देण्याची घाई करू नका.

तिसरा दावा स्टिअरिंगचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. "जुनं स्टिअरिंग बोलतं" हे वाक्य मला आधी कवितेसारखं वाटायचं. पण त्याच्या मागे एक चोख यंत्रणा आहे. वळताना टायर जमिनीला जिथे टेकतो तो भाग किंचित पिळवटतो, आणि बाजूचं बल त्या भागाच्या मध्यावर न लागता थोडं मागे लागतं. त्यामुळे चाकाला सरळ करू पाहणारा एक पीळ तयार होतो. हाताला स्टिअरिंगचं जे वजन लागतं, त्यातला मोठा हिस्सा हा. गंमत अशी, की वळण अधिकाधिक जोरात घेत गेलात तर हा पीळ बाजूच्या पकडीच्या आधी शिखर गाठतो आणि उतरायला लागतो. म्हणजे टायर सुटायच्या थोडं आधी स्टिअरिंग हलकं पडतं. टायर अक्षरशः आगाऊ सूचना देतो.

पहिल्या गोल्फ जीटीआयला पॉवर स्टिअरिंग नव्हतं, सुरुवातीच्या 205 ला पण नव्हतं. ती सूचना थेट तळहातात यायची. (पार्किंग करताना खांदे भरून यायचे, ते कोणी लिहीत नाही.) नंतर हायड्रॉलिक मदत आली, आणि मग इंधन वाचवायला इलेक्ट्रिक, कारण इलेक्ट्रिक मोटर गरज असेल तेव्हाच वीज घेते, हायड्रॉलिक पंप मात्र इंजिनवर कायम फिरत राहतो. पण मोटर आणि तिचे गिअर यांना स्वतःचं जडत्व आणि घर्षण असतं, शिवाय किती मदत करायची ते सॉफ्टवेअर ठरवतं. बारीक चढउतार वाटेतच गाळले जातात. तर "बोलतं" याचं शास्त्रीय भाषांतर झालं: सिग्नलमध्ये गाळणी कमी. हा दावा टिकतो आणि त्याला मोजताही येतं. सगळ्या कौतुकात मला सर्वात भक्कम वाटला तो हाच.

पण थांबा, आता माझ्या विषयाचा भाग येतो. मी पॉलिमरवर काम करतो, रबराच्या व्हिस्कोइलॅस्टिक गुणधर्मांवर. गाडीत रबर फक्त टायरमध्ये नसतं. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात रबराचे बुश असतात. ऑक्सिजन, ओझोन, उष्णता आणि वर्षं यांनी रबराची रचना बदलते. बहुतेक वेळा ते कडक होतं, चिरतं, कधी सैल पडतं. म्हणजे 2002 ची जी गाडी आज तुम्ही चालवता ती 2002 ची गाडी नाहीच. तिचे बुश मूळचे असतील तर ते झिजलेले आहेत, आणि बदललेले असतील तर ते आजच्या कारखान्यातले आहेत. टायर तर नक्कीच आजचे. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधी तो वाचा, इंजिन नंतर ऐका.

तर प्रश्न असा, की "जुनी गाडी" म्हणून आपण नेमकं काय तपासतोय? 1984 चं डिझाइन, की चाळीस वर्षं मायेने सांभाळलेला एक नमुना? कारण जिच्यावर कोणाची माया नव्हती ती 205 केव्हाच भंगारात गेली. आज उरल्यात त्या निवडून उरलेल्या. त्यांची तुलना आपण करतो शोरूममधल्या सरसकट नव्या गाड्यांशी. त्यात भर म्हणजे कौतुक लिहिणारे बरेच जण तेव्हा विशीत होते. स्वतःच्या विशीला वगळून त्यांनी गाडी कशी मोजायची?

एक उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. 205 जीटीआय, खास करून 1986 ची 1.9, एका गोष्टीसाठी ओळखली जाते. वळणाच्या मध्यात घाबरून रेस सोडली की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. बाकीच्या लेखांत गाडीला दोष म्हणून जे लिहिलं जाईल, ते इथे "चालकाला बक्षीस देणारी" म्हणून येतं. यंत्र तेच, घटना तीच. बदललं ते हे, की आज ती गाडी कोणी रोज पावसात ऑफिसला नेत नाही. युरोपात 2014 अखेरपासून प्रत्येक नव्या गाडीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे, ते नेमकी हीच घसरण पकडतं. ज्यांना ते "नाक खुपसणारं" वाटतं त्यांनी एकदा 1997 ची युरो एनकॅपची चाचणी आठवावी. रोव्हर 100 ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला होता. त्या मापाच्या, त्या काळातल्या हलकेपणाचा हिशेब पुढच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यांनी चुकता केला असता. वजन वाढलं ते काही अभियंते विसराळू झाले म्हणून नाही.

आणि दाव्याला छेद देणारी उदाहरणंही आहेत, जी लेखांत एका ओळीत उरकली जातात. 2020 ची टोयोटा जीआर यारिस: तीन सिलिंडर, 261 हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे गिअर, वजन 1280 किलोच्या आसपास. त्याआधीची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट तर टनाच्याही आत. "नवीन" हाच जर मजा मारणारा घटक असेल, तर या गाड्यांचं काय करायचं? उलट 2024 पासून गोल्फ जीटीआयमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सच मिळत नाही. म्हणून मला वाटतं व्हेरिएबल चुकीचा निवडलाय. साल बघू नका; वजन, गिअर आणि स्टिअरिंगची गाळणी बघा. या तिन्ही गोष्टी सालाबरोबर सरकल्या, त्यामुळे साल दोषी दिसतं.

हे सगळं मी मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे घेऊ की नको?" बरोबर आहे त्याचं. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं फेरनोंदणीचं काम, पर्यावरण कर, सुटे भाग शोधत फिरणं, हे सगळं त्याच्या फेलोशिपमधून जाणार आहे.

मग आम्ही एक छोटी चाचणी आखली. गाडी कोथरूडच्या एका निवृत्त काकांची आहे; ते फक्त स्वतः मागे बसणार या अटीवर तयार झाले. तुलनेला माझ्या मावसभावाची दोन वर्षांची टर्बो हॅचबॅक, मॅन्युअलच. ताम्हिणीतला एकच पट्टा, ताशी 50 ची मर्यादा, चालक दोघे आणि गाड्यांचा क्रम उलटसुलट. एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाने गुण लिहायचे. ब्लाइंड चाचणी शक्य नाही, कारण कोणत्या गाडीत बसलोय हे डोळे मिटूनही कळतं, वासावरून. निष्कर्षाची ही कमजोरी आहे आणि ती आम्ही वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे.

शिवाय मी त्याला एक गोष्ट आधीच लिहून मागितली: कोणता निकाल आला तर तू ही गाडी घेणार नाहीस? त्याने दोन दिवस घेतले. परवा चिठ्ठी दिली. "दुसऱ्या गाडीत पण तेवढंच हसू आलं तर." हे कसं मोजायचं मला माहीत नाही, पण आधी लिहून दिलंय म्हणून मी मान्य केलं. काकांना हसू मोजायचं काम दिलंय. रविवारी सकाळी साडेसहाला निघतोय, हवा तपासायचं गेज माझ्या बॅगेत आहे.