तासाभराचा न्याय : 'डेथ इन पॅराडाइज'चे बेट

२०१४ च्या जानेवारीत आम्ही दोघे मुलीकडे इंग्लंडमध्ये होतो. दुपारी चारला दिवे लावावे लागत आणि सकाळी आठपर्यंत ते मालवता येत नसत. अशा एका संध्याकाळी टीव्हीवर अचानक निळाभोर समुद्र दिसला. त्याच्या काठावरच्या बंगल्याच्या सज्जात कॉलेजातले जुने मित्र जमले होते आणि त्यांच्यातला एक जण, एवढ्या उन्हात कोट-टाय घातलेला, खुर्चीत बसल्या जागी मेला होता. छातीत बर्फ फोडायचा टोच्या. मुलगी किंचाळली. मेलेला माणूस मालिकेचा नायक होता, हे आम्हांला तिच्या किंचाळण्यावरून कळले.

त्या भागात निदान एकदोघांचे डोळे तरी ओले झाले. पुढच्या आठवड्यात दुसरा खून झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. तिसऱ्या खुनाच्या वेळी स्वेटर विणताविणता हिने विचारले, "मेलाय त्याचं कुणी रडत कसं नाही?" ती मालिका मी तेव्हापासून पाहतो आहे. सुरुवातीचे हुकलेले भागही मागाहून मिळवून पाहिले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून पुरतेपणी देता आलेले नाही.

'डेथ इन पॅराडाइज' बीबीसी वनवर २०११ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. रॉबर्ट थोरोगुड हे तिचे निर्माते-लेखक. सेंट मारी हे कॅरिबियन समुद्रातले काल्पनिक बेट, आधी फ्रेंचांचे, आता ब्रिटिशांचे. ओनोरे ही त्याची राजधानी. वर्षाला साधारण आठ भाग. २०२४ च्या फेब्रुवारीत शंभरावा भाग झाला. एवढ्या अवधीत बेटावर चार गोरे इन्स्पेक्टर येऊन गेले आणि आता पाचवा आला आहे. चहासाठी झुरणारा, वाळूचा तिटकारा असलेला रिचर्ड पूल. कागदाच्या चिटोऱ्यांवर टिपणे घेणारा धांदरट हम्फ्री गुडमन. पत्नी गेल्याचे दुःख हसण्याआड ठेवणारा आयरिश जॅक मूनी. डास आणि ऊन दोन्ही न सोसणारा नेव्हिल पार्कर. आणि मर्व्हिन विल्सन, ज्याच्याबद्दल पुढे बोलू.

इन्स्पेक्टर बदलतात, साचा बदलत नाही. पहिल्या पाचेक मिनिटांत प्रेत पडते. मग जमैकातल्या साठच्या दशकातल्या एका गाण्याच्या चालीवर नामावली येते. संशयित चार, क्वचित पाच. खून झाला तेव्हा प्रत्येक जण दुसरीकडे असल्याचा पुरावा, नाहीतर खोली आतून बंद. चौकीतल्या पांढऱ्या फळ्यावर संशयितांचे फोटो लागतात आणि इन्स्पेक्टर त्यांच्यासमोर येरझारा घालतो. घरी गेल्यावर हॅरी नावाच्या सरड्याशी बोलतो. हा सरडा संगणकावर बनवलेला आहे, पण बेटावरच्या इतर पुष्कळ पात्रांपेक्षा त्याला अधिक जीव आहे. मग कुणीतरी काहीतरी क्षुल्लक बोलते, एखादा ग्लास कलंडतो, आणि इन्स्पेक्टरची नजर मध्येच थिजते. 'सगळ्यांना बोलवा.' सगळे येतात, उलगडा होतो, बेड्या पडतात आणि कॅथरीनच्या बारमध्ये संध्याकाळची बिअर उघडते.

साचेबंद म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला कमीच आहे. गण झाला की गवळण येणार, गवळणीनंतर बतावणी आणि मग वग, हे माहीत असलेला प्रेक्षकच तमाशाचा खरा प्रेक्षक. कीर्तनात आख्यान हरिश्चंद्राचे आहे म्हटल्यावर 'पुढे काय होणार' म्हणून कुणी उठून जात नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि ज्यांनी त्यातल्या दोन-तीनशे वाचल्या त्यांना धनंजय किंवा झुंजार संकटातून सुटणार की नाही याची चिंता कधी पडली नव्हती. १९९८ पासून 'सी. आय. डी.' पाहणाऱ्यांना दयाने दार फोडले नाही तर चुकल्याचुकल्यासारखे होई. ठरलेपणा हे करमणुकीचे एक जुने, प्रामाणिक अंग आहे. ठरलेल्या चौकटीत नट कुठे श्वास घेतो, हे पाहण्यात सुख असते. ड्वेन मायर्सच्या भूमिकेत डॅनी जॉन-जूल्सने पहिल्या सात हंगामांत जे केले ती अस्सल बतावणी होती. कथानक जिथल्या तिथे राहायचे आणि हा माणूस एका भुवईवर प्रसंग तोलून न्यायचा.

तेव्हा माझी तक्रार साच्याविषयी नाही. साच्यातून काय गाळले जाते, त्याविषयी आहे.

आख्यानात तारामती रडते. रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन ती रडते तेव्हा शेवट ठाऊक असलेला श्रोताही हलतो, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच अधिक हलतो. सेंट मारीवर रडण्याला जागा ठेवलेली नाही. मेलेला माणूस इथे माणूस नसतो, तो कोड्याचा मथळा असतो. त्याची बायको दुसऱ्या प्रसंगात संशयित होते, म्हणून तिचे रडणे हा पुरावा. खरे की खोटे एवढेच तपासायचे. पूलच्या खुनात मालिकेने स्वतःचेच हे सूत्र पणाला लावले होते. तिसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात नायक मेला, त्याची सहकारी कमीय कोलमडली, आणि क्षणभर वाटले की आता चौकट तडकणार. पण त्याच भागात हम्फ्री आला, खिडकीतून पडला-धडपडला, आणि तासाभरात खुनी सापडला. दुःखाला मिळालेला वेळ कोड्याच्या वेळापत्रकातून कापून दिलेला होता. मला तो भाग आजही सगळ्यांत धीट वाटतो आणि सगळ्यांत भेकडही.

या मालिकेचे बीज कुठून आले ते कळल्यावर ही गोष्ट आणखी टोचते. १७ मार्च २००७ ही तारीख आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना पोर्ट ऑफ स्पेनमुळे आठवते. विश्वचषकात बांगलादेशाने भारताला हरवले तो दिवस. त्याच दिवशी जमैकात आयर्लंडने पाकिस्तानला हरवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर किंग्स्टनच्या हॉटेलातल्या खोलीत निपचित पडलेले सापडले. वूल्मर इंग्लंडकडून खेळलेले, पण जन्म कानपूरचा. थोड्याच दिवसांत जमैकाच्या पोलिसांनी हा गळा दाबून केलेला खून असल्याचे जाहीर केले. तपासाचे नेतृत्व जमैकाच्या पोलीस दलात गेलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते. कॅरिबियन उन्हात तपास करणारा ब्रिटिश पोलीस, ही कल्पना थोरोगुड यांना या बातम्यांतूनच सुचली.

पुढचे मालिकेत आलेले नाही. जूनमध्ये त्याच पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक होता असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये मृत्युचौकशीच्या ज्यूरीने ना खून म्हटले ना नैसर्गिक मृत्यू. निष्कर्ष खुला ठेवला. म्हणजे शंभराहून अधिक निःसंदिग्ध उकलींची ही माळ ज्या घटनेतून ओवली गेली, ती घटना स्वतः अनुत्तरित राहिली. एका कुटुंबाने कित्येक महिने 'खून' हा शब्द सोसला आणि शेवटी हाती नेमके काहीच लागले नाही. रहस्यकथा हा अशा अनुभवावरचा उतारा असतो, हे मला मान्य आहे. पण उतारा घेताना आजाराचे नाव विसरू नये.

आता बेटाकडे वळू. अॅगाथा ख्रिस्तीने १९६४ साली 'अ कॅरिबियन मिस्टरी'त मिस मार्पलला ज्या काल्पनिक बेटावर पाठवले त्याचे नाव सेंट ओनोरे. इथल्या राजधानीचे नावही ओनोरे; हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ख्रिस्तीच्या बेटावर खून करणारे, मरणारे आणि शोधणारे बहुतांशी पाहुणेच होते. स्थानिक माणसे ट्रे घेऊन ये-जा करत. 'डेथ इन पॅराडाइज'ने ट्रे खाली ठेवायला लावला, गणवेश दिला, विनोद दिले, आणि फळ्यासमोरची जागा तेवढी राखून ठेवली. ड्वेनला बेटाची खडान्‌खडा माहिती, फिडेल हुशार आणि अभ्यासू, फ्लोरेन्स तर बहुतेक इन्स्पेक्टरांपेक्षा शांत डोक्याची. तरी उलगड्याच्या वेळी हे सगळे भिंतीशी उभे राहून कौतुकाने पाहणार.

मालिकेच्या बाजूने एक उत्तर दिले जाते, आणि ते अगदीच पोकळ नाही. हसू कुणाचे होते? घामाघूम साहेबाचे. बेट त्याच्यावर हसते, त्याला चहा मिळू देत नाही, त्याच्या पायांखालची वाळू काढून घेते आणि हळूहळू त्याला माणसाळवते. हे खरे आहे. शिवाय डॉन वॉरिंग्टनचा कमिशनर सेल्विन पॅटर्सन आहे. त्याच्या सावकाश, जड वाक्यांपुढे एकेक साहेब शाळकरी पोरगा होतो. माझ्या मते गेल्या दशकातल्या टीव्हीवरच्या उत्तम भूमिकांपैकी ही एक, आणि संवाद किती थोडे! पण हसणारा हसतो आणि उत्तर साहेबाकडेच असते, ही विभागणीही जुनीच आहे. गोऱ्या कलेक्टराची नक्कल करणारे चावडीवरचे लोक शेवटी अर्ज त्याच्याकडेच घेऊन जात.

२०२४ च्या नाताळात डॉन गिले यांचा मर्व्हिन विल्सन आला. मालिकेचा पहिला कृष्णवर्णी मुख्य इन्स्पेक्टर. तेरा हंगाम लागले. तोही लंडनहूनच आलेला, त्यालाही हवा सोसत नाही. मात्र त्याच्या कुरकुरीचा स्वर वेगळा आहे. बेटाशी त्याचे रक्ताचे नाते निघते, आणि तो वैतागतो तेव्हा पाहुण्याचा वैताग आणि घरच्याचा वैताग यांत फरक कळतो. साचा पहिल्यांदाच आतून किंचित हलल्यासारखा वाटला.

चित्रीकरण होते ते खऱ्या बेटावर. ग्वादलूप हा फ्रान्सचा सागरापारचा प्रांत आहे. तिथले चलन युरो, तिथली मते फ्रान्सच्या संसदेसाठी. वायव्य किनाऱ्यावरचे देए हे कोळ्यांचे छोटे गाव म्हणजे आपले ओनोरे. पोलीस चौकी म्हणून दिसते ती चर्चलगतची इमारत. आणि कॅथरीनचा बार म्हणजे 'ल मद्रास' नावाचे उपाहारगृह. हे नाव वाचून मी थबकलो. ग्वादलूपच्या बायका सणाला डोक्याला जे चौकड्यांचे कापड बांधतात त्याला मद्रासच म्हणतात. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८५४ पासून पुढची पस्तीस वर्षे पुदुच्चेरी, कारैकल, पुढे कलकत्ता अशा बंदरांतून चाळीस हजारांवर भारतीय करारावर तिथे नेले गेले. त्यांच्या मुलानातवंडांना फ्रेंच नागरिक म्हणून मत देता यावे यासाठी हेन्री सिदांबरोम यांनी १९०४ ते १९२३ अशी एकोणीस वर्षे कज्जा चालवला. बारच्या पाटीमागे एवढे सगळे आहे. पाटीवर 'कॅथरीन्स बार' लिहिले की ते झाकून जाते.

आणि केळी. उसानंतर या बेटाचे मोठे पीक केळी. केळीच्या सोंडकिड्यावर १९७२ ते १९९३ या काळात ग्वादलूप आणि मार्तिनिकच्या बागांत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. अमेरिकेत त्याच्या कारखान्यातल्या कामगारांना विषबाधा झाल्यावर १९७५ मध्येच उत्पादन थांबले होते. फ्रान्सने १९९० मध्ये बंदी घातली, पण या बेटांना सवलत देऊन वापर आणखी तीन वर्षे चालू ठेवला. हे रसायन मातीत शतकानुशतके टिकते. दोन्ही बेटांवरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचे अंश सापडले आहेत. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे तिथले प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. २००६ मध्ये फौजदारी तक्रार झाली. जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या तपास न्यायाधीशांनी हे आरोग्यविषयक मोठे प्रकरण असल्याचे मान्य केले आणि इतक्या वर्षांनंतर गुन्हा सिद्ध करणे अशक्य म्हणून कुणावरही खटला न चालवता ते बंद केले. तक्रारदार अपिलात गेले.

संशयित चारच होते म्हणा ना : बनवणारे, विकणारे, वापरणारे आणि परवानगी देणारे. सगळ्यांची नावे कागदोपत्री आहेत. फक्त सज्जात बोलावून त्यांना एका रांगेत बसवणारा कुणी आला नाही.

करमणुकीच्या मालिकेकडून असली अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे संपादक मित्राने फोनवर सांगितले. असेल. ब्रिटनमध्ये ही मालिका मुद्दाम जानेवारी-फेब्रुवारीत दाखवतात, लोक ती हवामानासारखी पाहतात, आणि त्या अंधाऱ्या संध्याकाळी मीही तशीच पाहिली. मला आजही ती हवी असते. पुण्यातल्या घरी, बाहेर अंधार नसतानासुद्धा. तासाभरात एका माणसाने 'हे तू केलंस' म्हणून बोट दाखवावे आणि दुसऱ्याने ते कबूल करावे, याची भूक आपल्या कोर्टांच्या तारखा पाहिलेल्या कुणालाही असणारच. पण ही भूक खऱ्या बेटाच्या अंगणात बसून भागवली जाते आहे, एवढे मला आता विसरता येत नाही. पूर्वी मी संशयितांचे चेहरे न्याहाळायचो. हल्ली माझी नजर मागच्या डोंगराकडे जाते.

परवा जुना एक भाग लावला होता. पोलिसांची लँड रोव्हर घाटाच्या रस्त्याने निघाली, मागे हिरवेगार रान, त्यात रुंद पानांची दाट ओळ. हिने रिमोट घेऊन चित्र थांबवले. "ती केळीच ना रे?" आम्ही दोघे चष्मे लावून टीव्हीजवळ गेलो. जवळ गेल्यावर नुसते हिरवे ठिपके दिसायला लागले. तिने बटण दाबले, आणि गाडी वळणाआड गेली.