दार उघडं ठेवणाऱ्याचा पगार

मानव्यविद्यांवर सरकारनं पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आपण नेहमी विद्यापीठापुरता विचारतो. मी तो आज सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाराशी नेणार आहे. ज्यानं इतिहास किंवा तत्त्वज्ञान कॉलेजात घेतलं नाही, त्याची या विद्यांशी गाठ पडली तर तिथेच पडते.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. गावातली माणसं संस्था काढतात, चालवतात. शासन मान्यता देतं आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. ग्रंथालय सरकारी खातं होत नाही, गावाचं राहतं.

पण एक उणीव आहे. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात, ज्यामागे रंगनाथन होते, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर ठेवला गेला. कर्नाटकानंही 1965 च्या कायद्यात उपकर आणला. आपल्याकडे तो नाही. तुम्ही म्हणाल, अनुदानही करातूनच येतं ना? येतं. पण उपकर ग्रंथालयाच्या नावानं घेतलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब मागता येतो. अनुदानाची वाट बघावी लागते, आणि वाट बघणाऱ्याची भाषा हळूहळू अर्जाची होते. उपकरानं सगळं सुरळीत होतं असं नाही, गोळा झालेला पैसा पोहोचावाही लागतो. पण निदान भांडायला पाय टेकायला जागा असते.

आता स्वतःचा अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर एका तालुक्याच्या गावी, ग्रंथालयात दर शनिवारी आम्ही वाचायला बसायचो. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक नर्सबाई, स्पर्धा परीक्षा देणारी दोन मुलं. प्लेटोचा ‘क्रिटो’ संवाद घेतला. शिक्षा अन्यायाची असली तरी सॉक्रेटिसनं तुरुंगातून पळून जाऊ नये का? नर्सबाई म्हणाल्या, “सर, चुकीचा नियम पाळून मी रात्र रात्र जागलेय. याला उत्तर सोपं नाही.” चाळीस वर्षं शिकवून मला वर्गात असं वाक्य क्वचित मिळालं.

तपासणीच्या वेळी ग्रंथपालानं मला विचारलं, “सर, हे कुठल्या रकान्यात लिहू?” पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, हे सगळं लिहून झालं होतं. पुढच्या वर्षी तो ग्रंथपाल एका दुकानात कामाला लागला, तिथे पगार बरा होता. संध्याकाळी दार उघडणारं कोणी उरलं नाही. आमचा गट मोडला. वक्ता होता, पुस्तकं होती, माणसंही होती. नव्हता तो किल्ली असलेला माणूस.

म्हणून माझी टीका शासनावर आहे तशी आम्हा प्राध्यापकांवरही आहे. आमच्या वेतन आयोगासाठी आम्ही संप केले. ग्रंथपालाच्या पगारासाठी एक निवेदनही दिलं नाही. मानव्यविद्या धोक्यात आहेत म्हणून परिसंवाद मात्र भरपूर घेतले, हार-तुऱ्यांसकट.

सार्वजनिक पैसा कशाला हवा, असं कोणी विचारलं तर मी आधी सभागृह मागणार नाही, महोत्सवही मागणार नाही. दार उघडं ठेवणाऱ्या माणसाला जगता येईल एवढा पगार द्या, आणि तो कायद्यानं द्या. पुढचं त्या नर्सबाई करतील.

थांबतो. आता तुमचे प्रश्न.