रिफॅक्टरिंगची संकल्पना आणि सामायिक आज्ञावलीची बांधणी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मार्टिन फाउलर यांचा ‘रिफॅक्टरिंग’ हा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. बाह्य वर्तन न बदलता आज्ञावलीची अंतर्गत रचना सुधारणे, ही त्यातील व्याख्या सर्वमान्य ठरली आहे. लहान पावले टाकावीत व प्रत्येक पावलानंतर चाचणी घ्यावी, हे या ग्रंथाचे सार होय. तथापि हजारो व्यक्ती एकाच वेळी ज्या आज्ञावलीवर काम करतात, तेथे ही व्याख्या कितपत पुरेशी पडते, हा प्रश्न विचारात घेणे आवश्यक आहे.

ग्रंथाची मर्यादा :
फाउलर यांच्या बहुतेक उदाहरणांत बदल करणाऱ्याच्या हाती संपूर्ण कोड असतो. इतरांनी वापरात घेतलेल्या इंटरफेसबाबत जुने फंक्शन काही काळ ठेवून त्यातून नवे बोलवावे, असा सल्ला ते देतात. सल्ला योग्य आहे; परंतु हे दुहेरीपण कोणी व केव्हा संपवावे, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही.

लिनक्सचे उदाहरण :
लिनक्स कर्नलमध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीत ‘बिग कर्नल लॉक’ आले. ते पूर्णपणे हटले २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत. या पंधरा वर्षांत कर्नलची बांधणी थांबवणे शक्यच नव्हते. म्हणून सामाईक भागातील लॉक क्रमाक्रमाने एकेका ड्रायव्हरमध्ये ढकलले गेले व तेथे तपासून काढले गेले. २००५ मध्ये जुन्या ‘आयओसीटीएल’शेजारी लॉकविरहित पर्याय ठेवला गेला, जुना २०१० मध्ये वगळला. फाउलर यांचाच मार्ग येथे दिसतो, मात्र त्यासोबत एक सामाजिक नियमही आहे : अंतर्गत इंटरफेस बदलणाऱ्याने कर्नलमधील त्याचे सर्व वापरकर्ते स्वतः दुरुस्त करावेत.

मालिकेतील प्रत्येक पॅच लागू केल्यावर कर्नल बांधला गेलाच पाहिजे, हा दंडकही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘गिट बायसेक्ट’ने १०२४ बदलांतील दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, परंतु मधला एखादा टप्पा बांधलाच जात नसेल, तर तो टप्पा तपासता येत नाही. चूक एकाची असते आणि शोध भलत्यालाच घ्यावा लागतो.

आक्षेप :
अर्थात या पद्धतीलाही उणिवा आहेत. कर्नलबाहेर राहिलेल्या ड्रायव्हरांचा भार त्यांच्या कर्त्यांवरच पडतो. शिवाय बांधणी यशस्वी होणे म्हणजे बदल निर्दोष असणे नव्हे. बिग कर्नल लॉक प्रक्रिया निद्रिस्त होताच आपोआप सुटे व तेच लॉक पुन्हा घेता येई. साध्या म्युटेक्समध्ये हे गुण नाहीत. त्यामुळे निव्वळ अदलाबदल केलेला कोड विनातक्रार बांधला जाईल आणि चालताना अडकून पडेल.

निष्कर्ष :
रिफॅक्टरिंगच्या व्याख्येत बाह्य वर्तनाइतकेच सहकाऱ्यांच्या कामाचे सातत्यही अंतर्भूत व्हावयास हवे. बांधणीक्षमता ही गुणवत्तेची हमी नसून गुणवत्ता तपासण्याची पूर्वअट आहे. संगणकशास्त्राच्या प्रकल्पांत केवळ अंतिम आज्ञावलीला गुण देण्याची प्रथा जेथे आहे, तेथे हीच बाब दुर्लक्षित राहते. मधला प्रत्येक टप्पा बांधला जातो का, हेही मूल्यमापनात तपासले जावे.