पाहणारे डोळे

१९९१ साली सारायेवो येथील एक स्त्री दूरचित्रवाणीवर शेजारच्या क्रोएशियातील वुकोवार नगराचा विध्वंस पाहत होती. भयंकर आहे, असे म्हणून तिने वाहिनी बदलली. पुढल्याच वर्षी तिच्या स्वतःच्या शहराला वेढा पडला. सूझन सॉन्टॅग यांनी ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ (२००३) या ग्रंथात ही हकिकत दिली आहे. क्रौर्याची चित्रे वारंवार पाहून मन बधिर होते, हे ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) मधील आपलेच मत त्यांनी येथे पुन्हा तपासले. बधिरता येते ती निष्क्रियतेमुळे. कृतीची वाट न मिळालेली करुणा सुकून जाते, असे त्या येथे म्हणतात. स्वतःचे गाजलेले मत असे खोडून काढण्याचे धैर्य आम्हां प्रवचनकारांना सहसा होत नाही!

तरीही हे निदान आम्हांस अपुरे वाटते. संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’च्या सहाव्या खंडात अलिपियसची कथा आहे. मित्रांनी रोमच्या आखाड्यात बळेच नेल्यावर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण गर्दीचा गलका कानी पडताच ते उघडले, आणि त्याला त्या रक्तपाताची चटक लागली. पुढे तोच इतरांना तेथे नेऊ लागला. अलिपियस बधिर झाला नव्हता. त्याची संवेदना चेतली होती, परंतु भलत्या दिशेने. आणि डोळ्यांआधी त्याचे कान फितूर झाले होते. दुःखाच्या दृश्याची ओढ माणसाला असते हे सॉन्टॅगही मानतात. गर्दीचा हा वाटा मात्र त्यांच्या विवेचनात पुरेसा येत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात मणिपूरमध्ये जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. तक्रार मे महिन्यातच नोंदली गेली होती. पहिली अटक झाली ती १९ जुलै रोजी चित्रफीत सर्वत्र पसरल्यानंतर. म्हणून अशी दृश्ये दाखवूच नयेत, हे आम्हांस मान्य नाही. पण चित्रफितीच्या प्रत्येक फेरीत त्या स्त्रियांची विटंबना पुन्हा घडत होती. आम्हांसही ती प्रार्थनेच्या विनंतीसह आली. प्रार्थनेसाठी ती पाहणे आवश्यक होते काय?

लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यात (१०:३०-३७) याजक, लेवी व शोमरोनी या तिघांसाठीही मूळ ग्रीकमध्ये ‘पाहून’ हेच रूप येते. जखमा तिघांना सारख्याच दिसल्या. शोमरोन्याने तो मनुष्य कोणाला ‘दाखविला’ नाही. जखमा बांधून त्याला उतारशाळेच्या मालकाच्या हाती सोपविले, तेही दोन दीनार मोजून. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण लुटारूंचा मार रंगवून सांगतो, आणि त्या दोन दीनारांवरून घाईने पुढे सरकतो.